लुडोविंगर घराणं: पुतणी विरुद्ध भाचा, आणि दोन राज्यांत वाटला गेलेला सिंह

गोदातीर

नमस्कार मंडळी. होहेनस्टाउफेन सम्राटांवरच्या चर्चेत लुडोविंगर घराण्याचा ओझरता उल्लेख आला, तेव्हा दोघातिघांनी 'यावर स्वतंत्र धागा काढा' असं सुचवलं होतं. तो हा धागा. लांबला आहे, चहा घेऊनच बसा.

मी कासेलला राहते, म्हणजे जर्मनीतल्या हेसेन राज्यात. शेजारचं राज्य थुरिंगिया. दोन्हीकडच्या सरकारी कागदांवर, पोलिसांच्या बाहीवर एकच प्राणी दिसतो: निळ्या ढालीवर लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. थुरिंगियाच्या सिंहाभोवती आठ चांदण्या आहेत, हाच काय तो डोळ्यांत भरणारा फरक. हा सिंह लुडोविंगरांचा, म्हणजे मध्ययुगात या दोन्ही मुलखांवर राज्य करणाऱ्या घराण्याचा. घराण्याची पुरुषशाखा १२४७ मध्ये खुंटली, त्यानंतर सतरा वर्षं वारसाहक्काचं भांडण चाललं, आणि १२६४ मध्ये मुलखाचे दोन तुकडे झाले. सिंह मात्र दोघांनीही ठेवला.

थुरिंगियातल्या वार्टबुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्याला तिथे धर्मसुधारक ल्यूथर भेटतो, लुडोविंगरांची सून संत एलिझाबेथ भेटते. एलिझाबेथची मुलगी सोफी मात्र कुणाच्या फारशी लक्षात राहत नाही. माझ्या मते या घराण्याच्या गोष्टीतलं सगळ्यात कर्तबगार माणूस तीच. ती नसती तर हेसेन नावाचं संस्थान उभंच राहिलं नसतं. हे मांडण्यासाठीच हा सगळा प्रपंच, पण त्याआधी घराणं कसं वर आलं ते सांगायला हवं.

मूळ पुरुष 'दाढीवाला' लुडविग. अकराव्या शतकाच्या मध्याला तो माइन नदीकडून थुरिंगियाच्या जंगलात आला आणि फ्रीडरिशरोडाजवळ त्याने शाउएनबुर्ग नावाची गढी बांधली. त्याच्याविषयीचे जे राजपत्रांचे दाखले होते ते पुढच्या शतकात राइनहार्ड्सब्रुनच्या मठातल्या साधूंनी बनावट तयार केले होते. हा मठ घराण्याचा स्वतःचा, त्यामुळे धन्याचा हक्क जुना दाखवण्यात त्यांचाही फायदा होता. सुरुवातीच्या काळाबद्दल म्हणूनच जपून बोलावं लागतं.

त्याचा मुलगा लुडविग, टोपणनाव 'उडी मारणारा'. १०८५ मध्ये सॅक्सनीचा पॅलाटिन काउंट फ्रीडरिश तिसरा याचा खून झाला, संशय लुडविगवर आला, आणि पुढे त्याने त्याच फ्रीडरिशच्या विधवेशी, आडेलहाइडशी लग्न केलं. दंतकथा अशी की त्याला हाल्लेजवळच्या गीबिशेनश्टाइन किल्ल्यात कोंडलं होतं आणि त्याने बुरुजावरून थेट 'झाले' (Saale) नावाच्या नदीत उडी टाकली. वार्टबुर्गची दंतकथा तर अस्सल जमीनदारी डोक्याची आहे. डोंगर पसंत पडला, पण जमीन दुसऱ्याची. मग त्याने स्वतःच्या मुलखातली माती टोपल्यांनी वर नेऊन पसरली, आणि वाद निघाला तेव्हा बारा सरदारांनी त्या मातीत तलवारी रोवून शपथ घेतली की आमचा धनी स्वतःच्याच मातीवर उभा आहे. परंपरेने हे साल १०६७ मानतात. लेखी उल्लेख मात्र १०८० चा आहे. पूर्वेला उन्स्ट्रुट नदीवर, फ्रायबुर्ग गावाच्या डोक्यावर, त्याने नॉयेनबुर्ग हा दुसरा मोठा किल्ला बांधला.

हेसेन त्यांच्या हाती आलं ते लग्नांमधून. गुडेन्सबेर्ग आणि मारबुर्गच्या बाजूला गीझो नावाच्या काउंटांचं घराणं होतं. गीझो चौथ्याची मुलगी हेडविग 'उडी मारणाऱ्या'च्या मुलाला, लुडविगला दिली. ११२२ मध्ये गीझो वारला तेव्हा त्याची विधवा कुनिगुंडे हिने लुडविगच्या धाकट्या भावाशी, हाइनरिश रास्पेशी लग्न लावलं. म्हणजे दोन सख्खे भाऊ, आणि त्यांच्या बायका मायलेकी! ११३७ मध्ये गीझोचा मुलगा निपुत्रिक गेला आणि सगळं वतन लुडोविंगरांच्या पदरात पडलं. दरम्यान ११३१ मध्ये राजा लोथार तिसरा याने लुडविगला थुरिंगियाचा लांडग्राफ केलं होतं. लांडग्राफ म्हणजे थेट राजाला जबाबदार असलेला काउंट, मध्ये कुणी ड्यूक नाही.

पुढच्या पिढ्या भराभर सांगते. लुडविग दुसरा 'पोलादी' हा सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाचा मेहुणा, बार्बारोसाची सावत्र बहीण युट्टा त्याची बायको. त्याच्या काळात वार्टबुर्गवरचा दगडी महाल उभा राहू लागला. त्याचा मुलगा लुडविग तिसरा तिसऱ्या धर्मयुद्धात पॅलेस्टाइनमधल्या आक्के (Acre) शहराच्या वेढ्यात लढला आणि ११९० मध्ये परतीच्या वाटेवर, समुद्रातच वारला. मग भाऊ हेर्मान पहिला गादीवर आला. हा राजकारणात सतत बाजू बदलणारा, पण कवींना आश्रय देण्यात त्याच्या तोडीचा दुसरा सरदार नव्हता. वोल्फ्राम फॉन एशेनबाख आणि वाल्टर फॉन डेर फोगेलवाइडे दोघेही त्याच्या दरबारात होते. हाइनरिश फॉन फेल्डेके या कवीचं एनिआसच्या कथेवरचं अर्धवट हस्तलिखित क्लेवच्या एका लग्नात चोरीला गेलं होतं, ते नऊ वर्षांनी परत मिळालं आणि हेर्मानच्या आश्रयाने त्याने ते पुरं केलं. वार्टबुर्गवरच्या गायकांच्या स्पर्धेची आख्यायिका याच दरबाराची.

हेर्मानचा मुलगा लुडविग चौथा आणि हंगेरीच्या राजाची मुलगी एलिझाबेथ यांची कथा बऱ्याच जणांना माहीत असेल. ती चार वर्षांची असताना १२११ मध्ये थुरिंगियात आणली गेली, १२२१ मध्ये आयझेनाखच्या गेओर्गनकिर्शमध्ये लग्न झालं. १२२६ च्या दुष्काळात नवरा सम्राटाकडे इटलीत असताना तिने कोठारं उघडून धान्य वाटलं. पुढल्याच वर्षी, ११ सप्टेंबर १२२७ ला, धर्मयुद्धाला निघालेला लुडविग ओत्रांतोला तापाने गेला. ती वीस वर्षांची, पदरात तीन मुलं: हेर्मान, सोफी आणि बाप गेल्यावर काही दिवसांतच जन्मलेली गेर्ट्रूड. ती वार्टबुर्ग सोडून मारबुर्गला गेली, रुग्णालय काढलं, आणि १२३१ मध्ये चोविसाव्या वर्षी वारली. चार वर्षांत पोपने तिला संत जाहीर केलं.

तिचा मुलगा हेर्मान दुसरा १२४१ मध्ये ऐन अठरा-एकोणीस वर्षांचा असताना वारला. गादी काकाकडे, दुसऱ्या हाइनरिश रास्पेकडे गेली. त्याची तीन लग्नं झाली, मूल एकही नाही. १२४३ मध्ये त्याने सम्राट फ्रीडरिश दुसरा याच्याकडून लेखी करून घेतलं की माझ्यामागे थुरिंगिया माझ्या सावत्र बहिणीच्या मुलाला, माइसेनच्या मार्ग्राफ (सरहद्दीच्या प्रांताचा अधिपती) हाइनरिशला मिळावं. गंमतीची गोष्ट म्हणजे एका पिढीपूर्वी हाच भाचा बाप गेल्यामुळे पोरका होता, लुडविग चौथा त्याचा पालक होता, आणि तेव्हा सम्राटाने माइसेन लुडविगला द्यायचं कबूल केलं होतं. मामाने भाच्याच्या गादीवर डोळा ठेवला होता. आता फासे उलटे पडले.

त्यानंतर रास्पेने सम्राटाची बाजू सोडली. पोपच्या पाठिंब्यावर २२ मे १२४६ ला व्युर्त्सबुर्गजवळ फाइट्सहोखहाइमला बिशपांनी त्याला प्रतिराजा, म्हणजे गादीवरच्या राजाविरुद्ध उभा केलेला राजा, निवडलं. लोक त्याला 'पाद्र्यांचा राजा' म्हणत. ऑगस्टमध्ये त्याने फ्रांकफुर्टजवळ निड्डा नदीवर सम्राटाच्या मुलाला हरवलं, आणि १६ फेब्रुवारी १२४७ ला वार्टबुर्गवर प्राण सोडला. घराण्यात पुरुष उरला नाही.

एका बाजूला भाचा, हातात सम्राटाचा लेख. पण त्या सम्राटाला पोपने १२४५ मध्येच पदच्युत ठरवलेलं, म्हणजे लेखाची किंमत बाजू बघून ठरणार. दुसऱ्या बाजूला पुतणी, सोफी. ती ब्राबांटच्या (आजच्या बेल्जियम-नेदरलंड्समधला मुलूख) ड्यूकची दुसरी बायको होती, आणि १ फेब्रुवारी १२४८ ला तीही विधवा झाली. तिचा मुलगा, त्याचंही नाव हाइनरिश, जेमतेम चार वर्षांचा. तिसरा दावेदार माइन्ट्सचा आर्चबिशप: आमच्याकडून घेतलेल्या जमिनी आता आम्हाला परत करा. शिवाय अनहाल्टचा काउंट झीगफ्रीड होताच, तोही हेर्मान पहिल्याच्या दुसऱ्या एका मुलीचा मुलगा.

सोफी ब्राबांटहून मुलाला घेऊन मारबुर्गला आली. तिथल्या लोकांनी बाजारचौकात त्या पोराला धनी मानलं, असं सांगतात. आज त्या चौकात आई आणि लहानग्याचा दगडी पुतळा आहे. तिने स्वतःची ओळख कागदोपत्री 'संत एलिझाबेथची कन्या' अशी लावली, आणि यातच तिची हुशारी दिसते. आईच्या कबरीवर यात्रेकरूंची रीघ लागलेली असताना, त्याच गावात, तिच्या मुलीला आणि नातवाला उठवून लावणार कोण?

थुरिंगियाच्या सरदारांनी मात्र १२४९ मध्ये वाइसेनफेल्सच्या तहात भाच्याला मान्यता दिली. सोफीला एकाच वेळी दोन आघाड्या सांभाळता येईनात. १२५० मध्ये तिने काही वर्षांसाठी त्याच भाच्याला, म्हणजे तिच्या आतेभावाला, हेसेनचा सांभाळ सोपवला. हा निर्णय भोळा होता असं पुष्कळ जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. आर्चबिशपशी त्या वेळी जो लढू शकत होता त्याच्या गळ्यात तिने ते काम घातलं आणि मुलाला मोठं होऊ दिलं. नंतर हा आतेभाऊ मुलूख सोडायला तयार होईना, तेव्हा ती आपल्या जावयाला, ब्राउनश्वाइगच्या ड्यूक आल्ब्रेश्टला घेऊन उभी राहिली. आर्चबिशपशी १२६३ मध्ये लांग्सडोर्फला तिने वेगळा तह करून एक आघाडी मिटवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाल्लेच्या उत्तरेला बेझेनश्टेटच्या लढाईत जावई हरला आणि कैद झाला.

लढाई हरूनही १२६४ च्या तडजोडीत तिच्या मुलाला हेसेन मिळालं. थुरिंगिया भाच्याकडे, म्हणजे वेटिन घराण्याकडे गेलं. वर जावयाच्या सुटकेच्या किमतीत वेरा नदीकाठची एश्वेगे, आलेनडोर्फ, विट्झेनहाउझेन ही ठाणी हेसेनला जोडली गेली. १२९२ मध्ये राजा आडोल्फने सोफीच्या मुलाला साम्राज्याच्या राजपुत्रांच्या पंक्तीत बसवलं. सोफी ते बघायला नव्हती, ती १२७५ मध्येच गेली होती.

शेखर७१

जबरदस्त धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. नकाशात एरफुर्ट थुरिंगियाच्या बरोबर मध्ये आहे, आजची राजधानीही तीच. मग लांडग्राफ वार्टबुर्गवर एका टोकाला आणि नॉयेनबुर्गवर दुसऱ्या टोकाला का बसायचे? एरफुर्ट त्यांचं नव्हतं का?

गोदातीर

@शेखर७१, नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. एरफुर्ट माइन्ट्सच्या आर्चबिशपचं. हेसेनमध्येही फ्रिट्झलार आणि आम्योनेबुर्ग त्याचीच. म्हणजे लुडोविंगरांच्या मुलखात जागोजाग माइन्ट्सच्या पाचरी ठोकलेल्या. दोघांचं भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं, आणि त्यातूनच २६ जुलै ११८४ ची एरफुर्टची दुर्घटना घडली.

लुडविग तिसरा आणि आर्चबिशप कोनराड यांच्यात समेट घडवायला तरुण राजा हाइनरिश सहावा एरफुर्टला आला होता. कॅथेड्रलच्या आवारातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर दरबार भरला. सरदार, त्यांची माणसं, धर्मगुरू, सगळी दाटी. लाकडी जमिनीला एवढं वजन पेललं नाही. ती कोसळली आणि लोक खालच्या मजल्यासकट तळाशी असलेल्या शौचकूपात पडले. सुमारे साठ माणसं गुदमरून, बुडून, तुळयांखाली चिरडून मेली. हेसेनमधला काउंट गोत्समार फॉन त्सीगेनहाइन त्यातच गेला. राजा आणि आर्चबिशप खिडकीच्या दगडी कोनाड्यात बसून बोलत होते म्हणून वाचले, त्यांना शिड्या लावून उतरवावं लागलं. लांडग्राफ लुडविगही जिवंत बाहेर आला.

या घटनेवर लोक आजही हसतात. मला ते बरोबर वाटत नाही. एका दुपारी त्या प्रदेशातल्या कितीतरी घरांचे कर्ते पुरुष गेले, आणि ज्या भांडणासाठी ते जमले होते ते होतं तिथेच राहिलं.

वसुधा_प

लेख आवडला, पण हाइनरिश रास्पेवर अन्याय होतोय असं वाटतं. 'वहिनीला मुलांसकट भर थंडीत किल्ल्याबाहेर काढणारा दुष्ट दीर' ही प्रतिमा भाविक चरित्रांनी रुजवली. एलिझाबेथचा पापक्षालक गुरू कोनराड फॉन मारबुर्ग याने तिला बजावलं होतं की अन्यायाने वसूल केलेल्या करातून आलेलं अन्न खायचं नाही. किल्ल्यावर तर सगळं अन्न तसंच यायचं. नवरा होता तोवर तो तिला सांभाळून घेत होता, दीर तसं करणार नव्हता. म्हणून ती स्वतःहून निघाली, असं मानणारे अभ्यासकही आहेत. शिवाय तिच्या विधवापणीच्या हक्कापोटी तिला २००० मार्क रोख दिले गेले, त्यातलं बरंचसं तिने गरिबांत वाटलं. दिराला तिजोरीची काळजी वाटली असेल तर ते समजण्यासारखं आहे.

आणि तो कोनराड! पुढे जर्मनीत धर्मद्रोह शोधत फिरणारा, इतका निष्ठुर की १२३३ मध्ये लोकांनी त्याचा खून केला. चोविसाव्या वर्षी एलिझाबेथ गेली त्यात त्याने लादलेल्या उपासांचा आणि फटक्यांचा वाटा किती, हा प्रश्न मला दिरापेक्षा मोठा वाटतो.

गोदातीर

@वसुधा_प, कोनराडबद्दल शंभर टक्के सहमत. रास्पेबद्दल अर्धी. ती किल्ल्यावरून स्वतःहून निघाली असेल, पण तिच्या मुलाच्या नावाने चालणारा कारभार रास्पेने हातात घेतला आणि हेर्मान मोठा झाल्यावरही सहज सोडला नाही. एक मात्र कबूल करायला हवं, की एलिझाबेथच्या संतपदाचा फायदा सगळ्यात आधी ओळखला तो दिरांनीच. धाकटा दीर कोनराड (हा वेगळा) याने १२३२ मध्ये माइन्ट्सचं फ्रिट्झलार जाळलं होतं. नंतर तो प्रायश्चित्त घेऊन ट्युटॉनिक संघात (धर्मयोद्ध्यांच्या जर्मन संघटनेत) गेला, १२३९ मध्ये संघाचा प्रमुख झाला, आणि वहिनीला संत ठरवण्यासाठी त्याने रोममध्ये खटपट केली. १२३५ मध्ये मारबुर्गला एलिझाबेथकिर्शचा पाया घातला गेला तो याच संघाच्या हातून. १ मे १२३६ ला तिच्या अस्थी उचलून नव्या जागी ठेवल्या, तेव्हा सम्राट फ्रीडरिश दुसरा स्वतः हजर होता, अनवाणी आणि करड्या अंगरख्यात, आणि त्याने तिच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट ठेवला.

या कोनराडची मानली जाणारी ढाल मारबुर्गला जपून ठेवली आहे. लाकडाची, आणि त्यावर चामड्याचा उठावदार सिंह. रंग उडालेत, पण पट्टे कळतात. आज दोन राज्यांच्या पाट्यांवर जो सिंह आहे त्याचा इतका जुना आणि हाताने घडवलेला नमुना बघताना मी खिळून उभी राहिले होते.

नाणेप्रेमी

सिंहाचा विषय निघालाच आहे तर नाण्यांवर दोन ओळी. लुडोविंगरांची ब्राक्टेआट नाणी बघायला मिळाली तर सोडू नका. चांदीचा पत्रा इतका पातळ की मिठाईवरच्या वर्खाची आठवण व्हावी, आणि ठसा एकाच बाजूने मारलेला, त्यामुळे मागे तेच चित्र खोलगट उमटतं. चित्र बहुतेक वेळा घोड्यावरच्या लांडग्राफचं: एका हातात निशाण लावलेला भाला, दुसऱ्यात ढाल. चांगल्या प्रतीवर ढालीतला सिंहसुद्धा ओळखू येतो. आयझेनाखची टांकसाळ यात आघाडीवर होती.

ही नाणी ठरावीक काळाने परत मागवून नवी दिली जात, आणि बदलून देताना जुनी जास्त घेऊन नवी कमी दिली जात. हा एक प्रकारचा करच. कवींची मेजवानी कुठल्या पैशावर चालायची त्याचं एक उत्तर इथे सापडतं. एलिझाबेथला ताटातलं अन्न का नको वाटायचं, त्याचंही.

अमोघ_दि

सोफीबद्दलच्या लोककथा कुणीच कशा सांगितल्या नाहीत?

पहिली हातमोज्यांची. आयझेनाखला वाटाघाटी चालू असताना भाच्याने म्हणे वीस सरदारांसह संत एलिझाबेथच्या बरगडीच्या अस्थीवर हात ठेवून शपथ घेतली की थुरिंगिया माझंच. स्वतःच्या आईच्या अस्थीवर खोटी शपथ वाहिलेली पाहून सोफीने हातातले मोजे काढून हवेत भिरकावले आणि ओरडली, की अरे न्यायाच्या वैऱ्या सैताना, हे मोजेही घे आणि या खोटारड्यांनाही घे! मोजे वर गेले ते कुणालाच परत दिसले नाहीत.

दुसरी कुऱ्हाडीची. आयझेनाखच्या लोकांनी वेस बंद ठेवली, तर ती स्वतः कुऱ्हाड घेऊन सेंट जॉर्जच्या दरवाजावर तुटून पडली. ते घाव दोनशे वर्षं लाकडावर दिसत होते म्हणे.

तिसरी मला सगळ्यात भिडते. फेल्सबाख नावाचा आयझेनाखचा नागरिक सोफीच्या बाजूचा. भाच्याच्या माणसांनी त्याला वार्टबुर्गवरून गोफणयंत्रात घालून खाली फेकला, आणि हवेतून जाताना तो ओरडला: थुरिंगिया तरीही ब्राबांटच्या बाळाचंच!

गोदातीर

@अमोघ_दि, धन्यवाद, या इथे हव्याच होत्या. इतिहास म्हणून त्या टिकणार नाहीत, पण एक लक्षात घ्या: या तिन्ही कथा आयझेनाखच्या, म्हणजे ज्या मुलखात सोफी हरली तिथल्या. जिंकलेल्या बाजूच्या प्रजेने हरलेल्या बाईची बाजू लोककथेत धरून ठेवली. वेटिन घराण्याला तिथे परकं मानणारी माणसं बराच काळ असावीत असा अंदाज यातून करता येतो.

रेणुका_म

शिकायला मारबुर्गला होते, तेव्हा एलिझाबेथकिर्शमध्ये गेल्यावर कळलं की तिथे तिच्या अस्थी नाहीत. कारण ऐकून धक्का बसला. १५३९ मध्ये हेसेनचा लांडग्राफ फिलिप, जो थेट सोफीच्या वंशातला, म्हणजे एलिझाबेथचाच वंशज, त्याने स्वतः चर्चमध्ये येऊन त्या बाहेर काढायला लावल्या. तो कट्टर प्रोटेस्टंट, संतांच्या अवशेषांची पूजा त्याला मान्य नव्हती. सोन्याचा मुलामा दिलेली सुंदर पेटी अजून आहे, ती रिकामी आहे.

आणखी एक. याच फिलिपने १५२७ मध्ये मारबुर्गचं विद्यापीठ काढलं, आणि त्याच्या आधी सहा वर्षं वेटिन घराण्याच्या फ्रीडरिशने ल्यूथरला वार्टबुर्गवर लपवलं होतं. म्हणजे धर्मसुधारणेच्या वेळी लुडोविंगरांचे दोन्ही वारस एकाच बाजूला होते.

शेखर७१

हे भारीच. अजून एक विचारतो. १९४५ नंतर पूर्व आणि पश्चिम जर्मनीची सीमा हेसेन आणि थुरिंगियाच्या मधूनच गेली. वार्टबुर्ग पूर्वेत, मारबुर्ग पश्चिमेत. म्हणजे १२६४ ची वाटणीच परत आली असं म्हणता येईल का?

गोदातीर

@शेखर७१, ढोबळ मानाने हो, बारकाईने नाही. मोठं उदाहरण श्माल्काल्डेनचं. थुरिंगियाच्या जंगलाकाठचा हा भाग १५८३ पासून पूर्णपणे हेसेनकडे होता, थेट १९४४ पर्यंत, आणि आज थुरिंगियात आहे. म्हणजे सोफीच्या वंशजांनी पूर्वेला पाय रोवला होता तो दुसऱ्या महायुद्धात सुटला. आणि सप्टेंबर १९४५ मध्ये वानफ्रीडला अमेरिकन आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी काही गावांची अदलाबदल केली, कारण अमेरिकनांना लागणारा रेल्वेचा मार्ग थोडा सोव्हिएत हद्दीतून जात होता. त्या गावांतल्या माणसांना कुणी विचारलं नाही. वेराकाठचा तो पट्टा तोच, जो १२६० च्या दशकात जावयाच्या सुटकेत आला होता.

क्रॉइट्सबुर्गला वेरावर लुडविग चौथ्याने १२२३ मध्ये बांधलेला दगडी पूल आहे. एप्रिल १९४५ च्या लढाईत त्याचीही मोडतोड झाली, पण नंतर दुरुस्त केला. आयझेनाखपासून अगदी जवळ आहे, त्या बाजूला गेलात तर वाट वाकडी करून जा. हेर्मान दुसरा तिथल्याच किल्ल्यात जन्मला आणि तिथेच वारला.

वसुधा_प

घराण्याची थडगी कुठे आहेत? राइनहार्ड्सब्रुनचा मठ तर १५२५ च्या शेतकरी उठावात उद्ध्वस्त झाला ना?

गोदातीर

हो. मठाच्या जागी पुढे राजवाडा उभा राहिला, तोही अलीकडे मालकांच्या दुर्लक्षाने इतका ढासळला की २०१८ मध्ये थुरिंगिया सरकारने तो कायद्याने काढून घेतला. लांडग्राफांच्या कबरींवरच्या शिळा आता आयझेनाखच्या गेओर्गनकिर्शमध्ये, भिंतीला लावून उभ्या केल्या आहेत. एलिझाबेथचं लग्न तिथलं, आणि १६८५ मध्ये बाखचा बाप्तिस्माही तिथेच. सोफी यांच्यात नाही, तिला ब्राबांटमधल्या विलेर मठात पुरलं.

अमोघ_दि

शेवटचा प्रश्न. वाटणीनंतर दोन्ही शाखांचं वैर किती टिकलं?

गोदातीर

शंभरेक वर्षांत निवळलं. १३७३ मध्ये हेसेन आणि वेटिन यांनी वारसाबंधुत्वाचा करार केला: एका घराण्यात पुरुष वारस उरला नाही तर मुलूख दुसऱ्याने घ्यायचा, म्हणजे १२४७ सारखा पेच परत पडायला नको. त्याचा उपयोग करायची वेळ मात्र आली नाही. वेटिन घराण्याने स्वतःच आपल्या मुलखाचे इतके तुकडे केले की थुरिंगियात पुढे डझनभर छोटी संस्थानं झाली. १४८५ ची लाइप्झिगची वाटणी हा त्यातला कळीचा टप्पा, त्यावर वेगळा धागा काढते. @नाणेप्रेमी, वेटिनांच्या नाण्यांबद्दल तुमच्याकडे काही असेल तर तिथे नक्की लिहा.